२८ वर्षं पेट्यांत: ‘द डिनर पार्टी’ला जागा का मिळेना? (आणि एकूणच स्त्रीवादी कला मांडायची कशी)

टीपकागद
अमेरिकन कलाकार ज्युडी शिकागोची ‘द डिनर पार्टी’ (इतिहास-पुराणांतल्या ३९ स्त्रियांसाठी टेबलावर मांडलेली पंगत, खोलीभर पसरणारी कलाकृती) १४ मार्च १९७९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये उघडली. तीन महिन्यांत सुमारे एक लाख लोक येऊन गेले. एवढी गर्दी झाल्यावर पुढची म्युझियमं रांग लावतील असं वाटेल, पण ठरलेली दोन, सिॲटल आणि रॉचेस्टर, मागे सरली. कायमची खोली मिळाली ती थेट मार्च २००७ मध्ये, ब्रुकलिन म्युझियमला. मधली २८ वर्षं फिरस्तीत आणि पेट्यांत गेली.

नेहमीचं उत्तर असं की थाळ्यांवरचे योनीसारखे आकार बघून लोकांना घाम फुटला. मला ते अर्धंच खरं वाटतं. हे काम मांडायला महाग, सांभाळायला महाग, आणि तुकड्यातुकड्याने विकता न येणारं. ‘अश्लील’ हा शिक्का गाजतो, पण ‘गोदामाचं भाडं कोण भरणार’ हा प्रश्न जास्त कलाकृती मारतो असं माझं मत आहे.

खोडून काढा. मुंबईची, भारतातली उदाहरणं हवीच आहेत. तांत्रिक माहिती आली तर दुधात साखर. ‘स्त्री ही शक्ती आहे’ छापाचे प्रतिसाद मात्र कृपया ८ मार्चसाठी राखून ठेवा.

नाकतोडा
पंगत मांडली, ३९ पानं वाढली आणि जेवायला काहीच नाही. मीही मागे सरलो असतो.

खिळेहातोडी
आधी मापं टाकतो, मग भांडा.

टेबल त्रिकोणी, प्रत्येक बाजू ४८ फूट. एका बाजूला १३ पानं. प्रत्येक पानाला १४ इंची चिनी मातीची थाळी, पेला, सुरी-काटा-चमचा, रुमाल आणि त्याखाली त्या त्या स्त्रीच्या काळातल्या पद्धतीचं भरतकाम केलेला रनर, म्हणजे टेबलावर अंथरायची कापडी पट्टी. खाली पोर्सेलीनच्या २,३०४ त्रिकोणी फरश्या आणि त्यांवर सोनेरी अक्षरांत ९९९ नावं, जवळपास सगळी स्त्रियांची. (गणितवाल्यांसाठी: २,३०४ म्हणजे ४८ चा वर्ग. समभुज त्रिकोणाची बाजू ४८ भागांत कापली की बरोबर तेवढेच छोटे त्रिकोण पडतात.)

आता अशा कामाची रड कुठे असते ते सांगतो. उभारणीचा क्रम ठरलेला: आधी जमीन, मग टेबल, मग कापड, शेवटी थाळ्या. उतरवताना नेमकं उलट. जमीन जरा जरी उंचसखल असेल तर पोर्सेलीनची फरशी कोपऱ्यावर टेकते आणि भार आला की टवका उडतो. म्हणून लेव्हल काढलेला प्लॅटफॉर्म आधी हवा. तो सुतारकामाचा खर्च जवळपास दर गावी नव्याने.

दुसरं म्हणजे एकाच टेबलावर दोन स्वभावांचं साहित्य. चिनी मातीला उजेडाचं काही नाही, पण हादरा चालत नाही. रेशीम, लोकर, सुती दोरे हादरा सोसतात, पण उजेड सोसत नाहीत. कापडाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर जायचं नाही हा सर्वमान्य दंडक. तरीही उजेडाचा हिशेब साठत जातो: ५० लक्स, रोज ८ तास, १०० दिवस म्हणजे ४०,००० लक्स-तास. रंग उडाला की परत येत नाही. एरवी कापड तीन-चार महिने दाखवून पेटीत ठेवतात आणि त्या जागी दुसरं लावतात. इथे बदली रनर आणणार कुठून? म्हणून ‘कायमस्वरूपी मांडणी’ हे शब्द ऐकले की कापडवाल्या संवर्धकाच्या कपाळावर आठी पडते, मग विषय योनीचा असो की श्रीकृष्णाचा.

सुरंगी
टीपकागद, तुमचं अर्धं उत्तर दुसऱ्या अर्ध्यावर पांघरूण घालतंय.

१९९० साली शिकागोने हे काम वॉशिंग्टनच्या युनिव्हर्सिटी ऑफ द डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाला भेट द्यायचं ठरवलं. भेट, विक्री नव्हे. जागाही ठरली होती, माउंट व्हर्नन चौकातली जुनी कार्नेगी ग्रंथालयाची इमारत. मग जुलैमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात यावर तासाभराहून अधिक चर्चा झाली, थाळ्यांना भर सभागृहात पोर्नोग्राफी ठरवलं गेलं आणि विद्यापीठाच्या अनुदानातून १६ लाख डॉलर कापायचा ठराव झाला. विद्यार्थी संपावर गेले. शेवटी शिकागोनेच भेट मागे घेतली. यात गोदामाचं भाडं कुठे आलं?

टीपकागद
आलंच की. ते १६ लाख मुळात इमारतीच्या दुरुस्तीचे. लोकांत पसरलं काय, तर पैशाला मोताद असलेलं विद्यापीठ एवढी रक्कम ‘चित्रावर’ उधळतंय. ती अफवा टिकली कारण विद्यापीठाकडे खरोखरच पैसे नव्हते. विद्यार्थ्यांचा राग निव्वळ थाळ्यांवर नव्हता, हे तुम्हीही मान्य कराल.

सुरंगी
ते मान्य. पण खासदारांचा होता.

बोरूबहाद्दर
दोघांनाही एक उदाहरण देतो, मग ‘जागा नाही’ या सबबीचं काय ते ठरवा.

न्यूयॉर्कच्या वूस्टर स्ट्रीटवर १४१ क्रमांकाच्या इमारतीत वॉल्टर डी मारियाचं ‘अर्थ रूम’ आहे. १९७७ चं काम. ३,६०० चौरस फुटांच्या मजल्यावर २२ इंच जाडीचा मातीचा थर, वजन सुमारे १२७ टन. १९८० पासून लोकांसाठी कायम खुलं. माती वेळोवेळी ओली करावी लागते, दाताळं फिरवावं लागतं, उगवलेलं काहीबाही उपटावं लागतं. म्हणजे माणूस ठेवावा लागतो, आणि मॅनहॅटनमधला अख्खा मजला अडतो.

त्याच रस्त्यावर ९७ क्रमांकाला २० स्त्री-कलाकारांनी १९७२ मध्ये ए.आय.आर. गॅलरी काढली. अमेरिकेतली स्त्रियांनी सहकारी तत्त्वावर चालवलेली पहिली ना-नफा गॅलरी. भाडं वर्गणीतून, भिंती घासायला आणि रंगवायला त्याच.

तेव्हा जागा होती, पैसाही होता. मातीच्या मागे डिया फाउंडेशन उभं राहिलं. ‘डिनर पार्टी’च्या मागे तसं कोणी उभं राहायला २००२ साल उजाडलं: एलिझाबेथ सॅकलर यांच्या फाउंडेशनने ते ब्रुकलिनला भेट दिलं आणि त्याभोवती ८,३०० चौरस फुटांचं केंद्र उभं राहिलं. ‘मांडायला अवघड’ हे कारण नेमकं कोणाच्या कामाबाबत पुढे केलं जातं ते बघायला हवं.

नाकतोडा
१२७ टन माती चालते आणि ३९ थाळ्या जड होतात. नोंद घेतली.

टीपकागद
बोरूबहाद्दर, हे उदाहरण जबरी आहे. माझं वाक्य बदलतो: गोदामाचं भाडं हा प्रश्न सगळ्यांनाच, पण ते भरणारा आश्रयदाता कोणाला मिळतो हा खरा प्रश्न.

सुरंगी
आता मुंबईकडे वळते, कारण ए.आय.आर.चा धागा थेट इथे येतो.

मुंबईच्या चित्रकार नलिनी मालानी १९७९ मध्ये न्यूयॉर्कला ए.आय.आर.मध्ये गेल्या. नॅन्सी स्पेरो, मे स्टीव्हन्स, ॲना मेंडिएटा यांची भेट झाली. परत आल्यावर फक्त स्त्रियांचं मोठं प्रदर्शन भरवायचा घाट घातला, पण पाठबळ मिळालं नाही. अखेर १९८७ ते १९८९ या काळात ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ फिरलं: मालानी, अर्पिता सिंग, माधवी पारेख, निलिमा शेख. माध्यम जलरंग, आणि जागा व्यावसायिक गॅलऱ्यांबाहेरच्या.

त्याआधी १९८० मध्ये ए.आय.आर.मध्येच ‘डायलेक्टिक्स ऑफ आयसोलेशन’ हे प्रदर्शन झालं होतं. मेंडिएटा, काझुको मियामोतो आणि आपल्या अलिगढच्या झरीना हाश्मी यांनी रचलेलं, अमेरिकेतल्या ‘तिसऱ्या जगातल्या’ स्त्री-कलाकारांचं. त्याचा रोख पुरुषांवर कमी आणि गोऱ्या स्त्रीवाद्यांवर जास्त होता. घरातलं भांडण घरातच मांडलं, आणि त्याच भिंतींवर. मला हे ‘डिनर पार्टी’पेक्षा धीट वाटतं.

खिळेहातोडी
जलरंग ही निवड निव्वळ आवडीची नसते, वाहतुकीचीही असते. चौघींची तैलचित्रं फिरवायची तर लाकडी पेट्या, ट्रक, हमाल आणि विम्याचा मोठा हप्ता. कागद सपाट जातो. आम्लमुक्त कागदाच्या थरांत फोल्डरमध्ये ठेवा, दोन कडक बोर्डांत बांधा, मोठी खेपसुद्धा एका माणसाच्या सामानात बसते. फ्रेमा मुक्कामी करायच्या किंवा ठरावीक मापाच्या पाठवायच्या, म्हणजे चित्रं बदलली तरी चौकट तीच.

तोटे दोन. एक, कागदालाही उजेडाची मर्यादा ५० लक्सच, आणि भाड्याच्या हॉलमधले स्पॉटलाइट सहज २००-३०० देतात. दिव्यावर फिल्टर लावा किंवा दिवा दूर न्या. डिमरने हॅलोजन पिवळट होतो आणि निळे रंग मरतात. दोन, पावसाळा. ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली की बुरशीला आमंत्रण, आणि जुलैत मुंबई ८० च्या वर. काच चित्राला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट हवाच, निदान ३-४ मिलिमीटरचं अंतर. रात्री एसी बंद करून सकाळी चालू करणारा हॉल सतत दमट असलेल्या हॉलपेक्षा वाईट, कारण काचेच्या आतल्या बाजूला दव धरतं.

अनुस्वार
यात मालानींचं १९९२ चं ‘सिटी ऑफ डिझायर्स’ आलंच पाहिजे. गॅलरी केमोल्ड तेव्हा जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर होती. थेट भिंतींवर रेखाटनं केली आणि प्रदर्शन संपल्यावर पुसून टाकली. राजस्थानातल्या नाथद्वाराच्या जुन्या भित्तिचित्रांची हेळसांड हा त्यामागचा संदर्भ. विकायला काही नाही, साठवायला काही नाही. उरलं ते व्हिडिओ चित्रण.

टीपकागदांच्या गोदामाच्या प्रश्नावर हे उत्तर आहे असं म्हणता येईल.

बोरूबहाद्दर
उत्तर आहे, पण गॅलरीला परवडणारं नाही. पंधरा दिवस भिंती अडवायच्या आणि हातात बिल शून्य. खुर्शीद आणि केकू गांधींसारखे चालक असतील तरच. सगळ्यांनी पुसून टाकायचं ठरवलं तर पुढच्या पिढीला इतिहास म्हणून दाखवायचं काय? १९७२ चं हॉलिवूडमधलं ‘वुमनहाउस’ घ्या. पाडायला काढलेलं घर, स्त्री-कलाकारांनी आपल्या कामांनी भरलेल्या १७ खोल्या, ३० जानेवारी ते २८ फेब्रुवारी, सुमारे १०,००० प्रेक्षक. नंतर घर गेलं. आज तुमच्यापुढे काय येतं? फोटो, एक माहितीपट, आणि फेथ वाइल्डिंगने विणलेल्या खोलीची १९९५ मध्ये पुन्हा केलेली आवृत्ती. फोटोत विणकामाची जाळी दिसते, पण ती अंगाभोवती कशी येते ते कळत नाही.

कॅथोड
विणकाम पुन्हा करता येतं हो. पिक्चर ट्यूब कुठून आणाल?

‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ (१९९८) हे मालानींचं काम १९९९ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लागलं होतं. फाळणी आणि पोखरणचे अणुस्फोट हा विषय. पत्र्याच्या ट्रंका, त्यांत १२ टीव्ही मॉनिटर, भिंतींवर प्रोजेक्शन. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन बायका एकच साडी धरून घडी घालायचा प्रयत्न करतात आणि प्रेक्षक मधोमध.

अशा कामात बिघडतं काय? ट्यूबचा मॉनिटर मागून गरम हवा सोडतो. ट्रंकेत कोंडला तर दिवसभरात पत्रा तापतो. मागे जाळी किंवा छोटा पंखा, आणि तासाभराने हात लावून बघणारा माणूस हवा. आता ट्यूबचे मॉनिटर बनत नाहीत. सपाट पडदा टाकला तर ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलं जातं किंवा बाजूला काळे पट्टे येतात. शिवाय ट्रंकेची खोली वाया, कारण तो फुगीर काचेचा ठोकळा हाच तिथला ऐवज.

साडीच्या घडीसाठी दोन प्रोजेक्टर एका ठेक्यात चालायला हवेत. दोन स्वतंत्र प्लेअर एकाच क्षणी सुरू केले तरी दिवसभरात सेकंदांचा फरक पडत जातो आणि संध्याकाळी एकीची घडी झालेली असते तेव्हा दुसरी अजून टोक शोधत असते. सिंक होणारे प्लेअर वापरा, किंवा दोन्ही चित्रं एकाच फाइलमध्ये शेजारी ठेवून एकाच यंत्रातून दोन आउटपुट काढा. दुसरं स्वस्त आणि खात्रीचं.

कलाकाराशी करारात आधीच लिहून घ्यावं: कोणतं यंत्र बदलता येईल, कोणतं नाही, आणि हल्लीच्या फाइल-फॉर्मॅटमध्ये मूळ टेप कोणी उतरवायची. कलाकार हयात असताना हे विचारायला पाच मिनिटं लागतात.

मिठाचा खडा
कॅथोडकाका, तुमच्याकडे निदान वस्तू आहे. रुम्माना हुसेन (१९५२–१९९९) यांच्या ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’चं काय कराल? १९९५, मुंबईचं एनसीपीए कलाकेंद्र. त्या हातात अर्धी कापलेली पपई घेऊन चालतात, तोंड किंकाळी फोडल्यासारखं उघडं, आवाज नाही. बाबरीनंतरच्या मुंबईत एका मुसलमान स्त्रीचं शरीर कसं वाचलं जातं, त्याबद्दलचं काम. त्या आता नाहीत. आज ‘दाखवायचं’ म्हणजे चित्रण आणि फोटो.

पपईच ठेवायची असा हट्ट कोणी क्युरेटरने धरला (असे हट्ट धरतात), तर हिशेब ऐका. कापलेली पिकलेली पपई एसीत दोन दिवस तोंड धरते, तिसऱ्या दिवशी चिलटं. रोज सकाळी नवी आणायची, जुनी नोंदवून टाकायची, खाली न दिसणारी ट्रे, आणि त्याच खोलीत कागदाचं काम अजिबात नाही, कारण पपईवर येणारी कीड पपईपाशी थांबत नाही. विमा कंपनीला सांगा, ती ‘अंगभूत दोष’ म्हणून वगळेल. नासणारी वस्तू नासली तर नुकसानभरपाई नाही.

परदेशी पाठवायचं तर आणखी कटकट. पेटीच्या लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून शिक्का मारलेला हवा, नाहीतर बंदरातच अडते. शेण, धान्य, केस असं काही असेल तर ऑस्ट्रेलियासारख्या देशात आधी जैवसुरक्षेची परवानगी. आपल्याकडच्या बायकांनी नेमकं हेच साहित्य उचललं: शीला गौडांनी शेण, कुंकू, केस, रुम्मानांनी मडकी, गेरू, नीळ. घरात मुबलक म्हणून. कस्टम्सच्या टेबलावर तेच ‘संशयास्पद’.

वेतोबा
नावाला जागून वेतावर बोलतो.

शकुंतला कुलकर्णी यांचं ‘ऑफ बॉडीज, आर्मर अँड केजेस’. वेताची चिलखतं, अंगावर चढवता येणारी. ती घालून त्यांनी मुंबईतल्या सार्वजनिक जागी फोटो काढले. संरक्षणही तेच आणि पिंजराही तोच, एवढं बघताक्षणी कळतं. भिंतीवरचा परिच्छेद वाचावा लागत नाही.

वेत एसीच्या कोरड्या हवेत आक्रसतो, गाठीपाशी चिरतो. पावसाळ्यात फुगतो आणि बांधणी सैल पडते. सांध्यांपाशी पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा लागलाय, तो नग लगेच वेगळा काढा. उभं चिलखत खांद्यावर टांगलं तर स्वतःच्या वजनाने लांबतं. आतून पुतळ्यासारखा आधार हवा आणि तो दिसता कामा नये. उचलताना कमरेच्या कड्याला धरा, गळ्याच्या नको.

आणि हो, फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसला दिओरच्या फॅशन शोचं नेपथ्य त्यांच्या वेतकामाचंच होतं.

नाकतोडा
चिलखतापुढून हाय हील्स. पिंजरा बाहेर की आत?

सुरंगी
हसू नका, ‘डिनर पार्टी’वालीही तिथे पोचली होती. जानेवारी २०२० मध्ये पॅरिसला म्युझे रोदँच्या बागेत शिकागोचं ‘द फीमेल डिव्हाइन’ लागलं, दिओरच्याच खर्चाने. आतले भरतकामाचे मोठे ध्वज भरले मुंबईत, चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमधल्या विद्यार्थिनींनी. ‘जगावर बायकांचं राज्य असतं तर?’ असा प्रश्न ध्वजावर, आणि टाका मुंबईचा. प्रदर्शनाच्या बातम्यांत कलाकार आणि ब्रँड ठळक, हात तळटीपेत.

बोरूबहाद्दर
ही तक्रार ‘डिनर पार्टी’इतकीच जुनी. तिथेही शेकडो लोकांनी काम केलं, बहुतेक बिनपगारी. पण त्यांची नावं प्रदर्शनातच फलकांवर लावली होती, हेही सांगायला हवं. त्या काळी किती पुरुष शिल्पकारांनी आपल्या ओतारी-गवंड्यांची नावं लावली?

मिठाचा खडा
नावं लावणं वेगळं आणि जागा देणं वेगळं. ३९ पानांत एकच काळी स्त्री, सोजर्नर ट्रुथ. आणि तिच्या थाळीवर योनीचा आकार नाही, तीन चेहरे आहेत. १९७९ मध्येच ॲलिस वॉकरने यावर बोट ठेवलं: काळ्या बाईला स्त्रीचं शरीर असतं हे कल्पनेतच बसेना का? आपली म्हणावी तर पहिल्या बाजूला काली आहे, म्हणजे देवी. हाडामांसाची भारतीय बाई पानावर नाही.

आपल्याकडेही तेच. ‘स्त्री-कलाकारांचं प्रदर्शन’ म्हणताना यादी कुठल्या घरांतून, कुठल्या कॉलेजांतून येते ते बघा. पुण्याच्या राज्यश्री गुडी दलित आत्मकथनांमधल्या जेवणाच्या उल्लेखांतून पाककृती काढून पुस्तिका करतात, मनुस्मृतीच्या प्रतींचा लगदा करून त्यातून वस्तू घडवतात. हे काम ‘स्त्रीवादी’ दालनात लावायचं की ‘जात’ असं वेगळं दालन करून बाजूला काढायचं, यावरच क्युरेटरची परीक्षा होते. पुस्तिका काचेखाली ठेवली की मेलीच. ती हाताळायला द्यायची, जादा प्रती छापायच्या आणि फाटतील हे अंदाजपत्रकात धरायचं.

अनुस्वार
हाताळायच्या पुस्तिकेवरून आठवलं: भिंतीवरच्या मराठी मजकुराकडे कोणी लक्ष देत नाही. इंग्रजी लेबलच्या मापात मराठी कोंबतात. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे ओळींमध्ये जास्त अंतर द्यावं लागतं, नाहीतर वरचा ‘कु’ खालच्या ‘कें’वर बसतो. अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको, लेबलचा मध्य जमिनीपासून साधारण १३० सेंटिमीटरवर. ५० लक्सच्या खोलीत काळ्यावर राखाडी अक्षरं म्हणजे डिझायनरचा माज. ज्यांच्याबद्दल काम आहे त्या बायका वाचायला आल्या तर त्यांना वाचता यावं एवढीच अपेक्षा.

गुलबकावली
कायद्याचं कोणी बोललं नाही. भरवणाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

भारतात अश्लीलतेचं कलम म्हणजे जुनं भारतीय दंड संहितेचं २९२; १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं २९४. दोन्हींत विज्ञान, साहित्य, कला, शिक्षणाच्या हितासाठी असलेल्या गोष्टींना अपवाद आहे. १९५४ मध्ये अकबर पदमसींच्या जहांगीरमधल्या चित्रांवर याच कारणाने खटला झाला आणि ते सुटले. पण सुटका कोर्टात होते, प्रदर्शन त्याआधीच बंद पडतं. जहांगीरसारख्या ठिकाणी आठवड्याचा स्लॉट आणि त्यासाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा. दोन दिवस दार बंद म्हणजे सगळं मुसळ केरात.

म्हणून व्यवहार असा: हॉलच्या भाडेकरारात ‘आक्षेपार्ह वाटल्यास काम काढण्याचा अधिकार’ कोणाला आहे ते कलम आधी शोधा, तिथे ‘कलाकाराशी लेखी चर्चेनंतर’ असं घालून घ्या. दारावर पाटी: आत नग्नता वा हिंसेचे संदर्भ आहेत. फक्त माहिती, माफी नाही. तसं काम वळणाच्या भिंतीमागे लावा, म्हणजे रस्त्यावरून मोबाइलने अर्धं चित्र टिपता येत नाही. दारावरच्या सुरक्षारक्षकाला काम काय आहे ते नीट समजावा, कारण पहिला वाद त्याच्याशी होतो. उत्तर देणारी व्यक्ती एकच ठरवा.

आणि बोभाटा कशाचा होईल याचा अंदाज बांधू नका. १९७६ मध्ये लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत मेरी केलीचं ‘पोस्ट-पार्टम डॉक्युमेंट’ लागलं. त्यात नग्नता नव्हती, तरी वर्तमानपत्रांनी रान उठवलं. कारण बाळाच्या लंगोटातले डाग पडलेले अस्तराचे तुकडे.

खिळेहातोडी
केलीचं काम मांडणीच्या दृष्टीने शहाणं आहे. अस्तरं, मुलाची रेघोट्या ओढलेली पानं, सगळं विभागागणिक एकसारख्या मापाच्या पेट्यांत, पर्स्पेक्स या पारदर्शक प्लास्टिकमागे. १३५ नग, भिंतीवर सरळ रांग. एका मापामुळे पेट्या, खिळे, अंतर सगळं विभागाला एकदाच मोजायचं. पण विभाग वेगवेगळ्या संस्थांनी घेतले, एक लंडनच्या टेट म्युझियमकडे आहे. पूर्ण काम एकत्र दाखवायचं म्हणजे तितके वेगळे उसनवारी करार, तितक्या अटी, आणि एकाने नाही म्हटलं की भिंतीवर भोक.

टीपकागदांनी ‘तुकड्यात विकता न येणारं’ हा ‘डिनर पार्टी’चा तोटा म्हटला होता. हा त्याचा उलटा दाखला.

टीपकागद
अगदी. शिकागोने तुकडे केले असते तर १९८० मध्येच पाच-सहा म्युझियमांत थाळ्या लागल्या असत्या. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफची थाळी तर आधी गेली असती. ओकीफ स्वतः तेव्हा हयात होत्या आणि ‘स्त्रीवादी’ म्हणवून घ्यायला साफ नकार देत होत्या, तरी शेवटचं पान त्यांचंच. 

गुलबकावली
आपल्याकडेही लेबल नाकारणाऱ्या बऱ्याच. त्यांना ‘स्त्रीवादी’ प्रदर्शनात घ्यायचं तर पत्रात शीर्षक आधी कळवा. निमंत्रणपत्रिका छापल्यावर कळवलं की काम मागे घेतलं जातं, आणि त्यांचं बरोबर असतं.

नाकतोडा
एक खराखुरा प्रश्न, थट्टा नाही. उद्या ‘डिनर पार्टी’ मुंबईत आणायची तर कुठे मावेल?

खिळेहातोडी
समभुज त्रिकोण, बाजू ४८ फूट, उंची ४१.६ फूट. भोवती चालायला ५ फूट धरले तर बाहेरचा त्रिकोण ६५ फूट बाजूचा आणि ५७ फूट उंचीचा होतो. म्हणजे ६५ बाय ५७ चा हॉल, मध्ये एकही खांब नाही. एनजीएमए मुंबईचे (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे) मजले अर्धगोल आणि जिन्याने कापलेले, तिथे नाही. नेहमीच्या भाड्याच्या गॅलऱ्या विसरा.

वेतोबा
मोठं मंगल कार्यालय बघा. ३९ पानांची पंगत म्हणजे त्यांना किरकोळ.

बोरूबहाद्दर
विनोद नाही हा. म्युझियमांनी पाठ फिरवल्यावर अमेरिकेत हे काम असंच फिरलं. गावोगावच्या बायकांनी समित्या केल्या, पैसे जमवले, मिळेल तो हॉल घेतला. बॉस्टनला १९८० मध्ये सायक्लोरामामध्ये लागलं, ती इमारत १८८४ साली एका गोलाकार युद्धचित्रासाठी बांधलेली. १९८८ पर्यंत तीन खंडांतल्या सहा देशांत १६ ठिकाणी गेलं आणि दहा लाखांवर लोकांनी पाहिलं.

खिळेहातोडी
कार्यालय चालेल, पण अटींवर. स्वयंपाकघर पूर्ण बंद, आधीचे काही आठवडेसुद्धा. तळणीचा धूर भिंतींत आणि पडद्यांत मुरलेला असतो, तो कापडावर उतरतो. ट्यूबलाइट काढून टाका किंवा त्यांवर अतिनील (यूव्ही) किरण अडवणारी नळकांडी चढवा. आणि मालकाला आधीच सांगा की फरशीवर चप्पल चालणार नाही, खुर्च्या ओढायच्या नाहीत.

नाकतोडा
आणि मालकाने विचारलं, ‘पंगत कोणाकडची?’ तर?

मिठाचा खडा
सांगायचं, मुलीकडची. भाडं आपणच भरायचंय.